मुलाच्या डोळ्यात रसायन गेल्यास: पहिली २० मिनिटे

मुलाच्या डोळ्यात साफसफाईचे द्रव, चुना, सिमेंट, बॅटरीतील आम्ल किंवा असे कोणतेही रसायन आत्ताच उडाले असेल, तर हा मजकूर नंतर वाचावा. मुलाला उचलून जवळच्या नळापाशी न्यावे, डोळा बोटांनी उघडा धरावा आणि स्वच्छ, शक्यतो कोमट पाण्याची हलकी धार किमान २० मिनिटे सतत सोडावी. घरात दुसरे मोठे माणूस असेल, तर त्याने तोवर आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. रसायन कोणते होते, किती गेले, कोणत्या रुग्णालयात न्यायचे, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे पाणी चालू असतानाच शोधायची आहेत. त्यासाठी पाणी थांबवायचे नाही.

डोळ्याच्या बहुतेक दुखापतींत कुटुंबाने फार काही न करता रुग्णालय गाठणे हेच योग्य असते. रासायनिक इजा हा त्याला ठळक अपवाद आहे. येथे दृष्टी वाचवणारा मुख्य उपचार घरातल्या नळाखालीच करावा लागतो, आणि तो न करता मुलाला घेऊन धावत सुटलेले आईवडील, हेतू कितीही चांगला असला, तरी मोलाची मिनिटे रस्त्यावर घालवतात.

इतकी घाई कशासाठी

अश्रूंचा पीएच (द्रव किती आम्ल किंवा त्याच्या उलट गुणाचा, म्हणजे अल्कली, आहे याचे माप) साधारण ७.४ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ उदासीन असतो. संपृक्त चुन्याच्या पाण्याचा पीएच सुमारे १२.४ असतो, आणि या मापनात प्रत्येक अंकामागे तीव्रता दहापटीने बदलते, हे लक्षात घेतले की फरकाची कल्पना येते. चुना, सिमेंट, तुंबलेली मोरी मोकळी करणारी पूड किंवा द्रव, ब्लीच, अमोनिया असलेले क्लीनर आणि ओव्हन साफ करण्याचे फवारे हे सगळे अल्कली वर्गातले पदार्थ आहेत. अल्कली पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांचे अक्षरशः साबणात रूपांतर करते, ऊती विरघळवते आणि स्वतःसाठी वाट करत आत आत शिरत राहते. अमोनियासारखा पदार्थ मिनिटभराच्या आतच पारपटल, म्हणजे कॉर्निया, ओलांडून डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पोहोचू शकतो. एकदा तो आत गेला की बाहेरून घातलेले पाणी त्याच्यापर्यंत फारसे पोहोचत नाही. म्हणून सारी धडपड तो पृष्ठभागावर असतानाच त्याला वाहून नेण्याची असते.

आम्लाची गोष्ट थोडी वेगळी आहे. टॉयलेट क्लीनरमधील हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा वाहनाच्या बॅटरीतील सल्फ्युरिक आम्ल पृष्ठभागावरील प्रथिने गोठवते, आणि हा गोठलेला थर आम्लाला आत जाण्यास काही प्रमाणात अडवतो. त्यामुळे आम्लाची इजा बरेचदा वरवरची राहते; परंतु तीव्र आम्लाने तीही डोळा गमावण्याइतकी गंभीर होऊ शकते. गंज काढणाऱ्या काही द्रवांत असलेले हायड्रोफ्लुओरिक आम्ल तर या नियमालाही जुमानत नाही आणि अल्कलीप्रमाणेच खोलवर जाते. घरात उभे राहून हा भेद करत बसण्याची मात्र काहीच गरज नाही, कारण दोन्हींवर पहिला उपाय एकच आहे.

लहान मुलांचा या अपघातांतील वाटा मोठ्यांना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. अमेरिकेतील आपत्कालीन विभागांच्या २०१० ते २०१३ या काळातील नोंदी वयाच्या एकेका वर्षानुसार तपासल्या गेल्या, तेव्हा डोळ्याच्या रासायनिक इजांचे सर्वाधिक प्रमाण रसायनांशी रोज काम करणाऱ्या तरुण वयात असण्याऐवजी एक आणि दोन वर्षांच्या मुलांत आढळले. याच देशात कपडे धुण्याच्या द्रव डिटर्जंटच्या मऊ, रंगीत कॅप्सूलमुळे तीन ते चार वर्षांच्या मुलांना झालेल्या डोळ्यांच्या इजा २०१२ साली अंदाजे १२ होत्या, त्या २०१५ साली अंदाजे ४८० वर गेल्या. कारण उघड आहे. या वयाचे मूल वस्तू दाबून पाहते, बाटलीच्या तोंडात डोकावते, फवाऱ्याचे तोंड स्वतःकडे वळवते, आणि द्रव लागलेला हात सर्वांत आधी डोळ्यांना लावते.

नळाकडे जाताना

आपल्या स्वतःच्या हातांना ते रसायन लागले असेल, तर ते दोन-तीन सेकंद पाण्याखाली धरून मगच मुलाच्या चेहऱ्याला स्पर्श करावा. हातमोजे हाताशी असतील तर घालावेत, पण ते शोधत फिरू नये. मुलाचे कपडे भिजले असतील तर ते काढावेत. मात्र गळ्यातून ओढून काढताना तेच रसायन चेहऱ्यावर आणि दुसऱ्या डोळ्यात जाते, म्हणून सदरा समोरून कापलेला बरा. हे काम शक्यतो दुसऱ्या व्यक्तीने पाणी चालू असतानाच करावे.

रसायन कोरडे असेल, म्हणजे चुन्याची किंवा सिमेंटची पूड, डिटर्जंट पावडर किंवा मोरी साफ करण्याचे दाणे असतील, तर पापण्यांवर, भुवयांवर आणि गालावर साचलेली पूड कोरड्या कापडाने बाहेरच्या दिशेने झटकून टाकावी. यासाठी काही सेकंद पुरेत. कळीच्या चुन्यावर पाणी पडले की उष्णता निर्माण होते हे खरे आहे, आणि या भीतीने काही जण चुना गेलेल्या डोळ्याला पाणी लावायलाच तयार नसतात. ही भीती येथे घातक ठरते. थोड्याशा पाण्याने चुना तापतो. भरपूर वाहत्या पाण्याने उष्णता आणि चुना दोन्ही वाहून जातात. डोळ्यात तसेही अश्रूंचे पाणी असतेच, त्यामुळे चुना कोरडा ठेवणे कोणालाही शक्य नाही.

मूल धरायचे कसे, धार सोडायची कशी

लेखी सूचनांत सहसा एका ओळीत सांगून टाकलेला हा भाग प्रत्यक्षात सर्वांत अवघड असतो. वेदनेने पापण्या आपोआप घट्ट मिटतात, मूल किंचाळते, मान फिरवते, हातपाय झाडते, आणि त्याला धरणारी व्यक्ती स्वतःही घाबरलेली असते. शक्य असेल तेथे दोन माणसांनी काम वाटून घ्यावे: एकाने मूल आणि त्याचे डोके धरावे, दुसऱ्याने पापण्या उघड्या ठेवून पाणी घालावे. बोलण्याचे काम एकानेच करावे. दोघे एकाच वेळी सूचना देऊ लागले, की मूल आणखी भेदरते.

तान्ह्या बाळाला किंवा दीड-दोन वर्षांच्या मुलाला मोठ्या टॉवेलमध्ये हात आत घेऊन गुंडाळावे, म्हणजे त्याचे हात डोळ्यांकडे जाणार नाहीत. त्याला उताणे निजवावे आणि डोके इजा झालेल्या डोळ्याच्या बाजूला वळवावे, जेणेकरून तो डोळा खाली राहील. उजव्या डोळ्यात रसायन गेले असेल तर डोके उजवीकडे वळवावे. असे केले नाही, तर रसायनमिश्रित पाणी नाकावरून उतरून चांगल्या डोळ्यात शिरते. भांड्यातून किंवा मगातून पाणी पाच ते सात सेंटिमीटर उंचीवरून नाकाकडील कोपऱ्यावर सोडावे, म्हणजे ते डोळ्यावरून वाहत कानाच्या दिशेने बाहेर पडेल. धार थेट बुबुळावर आदळू देऊ नये. पूर्ण उघडलेल्या नळाच्या जोरानेही पृष्ठभागाला इजा होऊ शकते. पाणी नाकातोंडात जात नाही ना, याकडे सतत लक्ष असावे, आणि मूल श्वास घेण्यासाठी धडपडत असेल तर क्षणभर धार बाजूला घ्यावी.

दोन-चार वर्षांच्या मुलासाठी शॉवर हा बरेचदा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. मोठ्या माणसाने कपड्यांसह मुलाला कडेवर घेऊन त्याखाली उभे राहावे, पाण्याचा जोर कमी ठेवावा आणि ते कपाळावर पडू द्यावे. तेथून ते आपसूक डोळ्यांवर उतरते. दोन्ही डोळ्यांत रसायन गेले असेल तर हीच पद्धत सर्वांत उपयोगी पडते. शॉवर नसेल तर मुलाला उताणे ठेवून, डोके सरळ धरून, दोन भुवयांच्या मध्ये नाकाच्या उंचवट्यावर पाणी सोडावे, म्हणजे ते दोन्हीकडे वाहते.

शाळकरी मूल बेसिनवर वाकून डोके एका बाजूला वळवू शकते. त्याला धार चालू असताना वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पाहायला सांगावे आणि मधूनमधून उघडझाप करायला सांगावे, म्हणजे पापण्यांच्या आतल्या घड्यांपर्यंत पाणी पोहोचते. या वयाच्या मुलाला आपण काय करतो आहोत आणि किती वेळ करणार आहोत, हे थोडक्यात सांगितले तर ते आश्चर्य वाटावे इतके सहकार्य करते.

ओल्या पापण्या बोटांतून निसटतात. त्यासाठी सुती कापडाचा किंवा गॉजचा कोरडा तुकडा बोटांखाली घ्यावा आणि वरची पापणी भुवईच्या हाडावर, खालची गालाच्या हाडावर ओढून धरावी. दाब हाडावर असावा, डोळ्याच्या गोळ्यावर कधीही नसावा. इतके करूनही मूल डोळा उघडू देत नसेल, तर धार मिटलेल्या पापण्यांच्या फटीवर चालू ठेवावी. उघडझाप होते त्या प्रत्येक क्षणी थोडे पाणी आत जाते, आणि तेवढेही काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ चांगले असते.

मुलाने कॉन्टॅक्ट लेन्स घातली असेल, तर ती काढण्यात पाणी सुरू करायला उशीर करू नये. धारेने ती बरेचदा स्वतःच निघते. काही मिनिटांनीही निघाली नाही, तर मग काढावी आणि पुन्हा पाणी सुरू करावे, कारण लेन्सच्या खाली रसायन अडकून राहते. ती लेन्स पुन्हा वापरू नये.

पाणी पिण्यायोग्य आणि स्वच्छ असावे, एवढीच अट आहे. सलाइनची बाटली जवळ असेल तर तीही चालते, पण तिच्यासाठी कोणाला औषधांच्या दुकानात पाठवून वाट पाहत बसू नये. नळाला पाणी नसेल तर साठवलेले किंवा बाटलीतले पाणी वापरावे. वीस मिनिटांच्या हलक्या धारेलाही अनेक लिटर पाणी लागते, म्हणून एकाने भांडी भरून देत राहावे. वापरलेले पाणी खालच्या भांड्यात जमा झाले असेल तर ते पुन्हा वापरू नये. त्यात तेच रसायन असते. पाणी गरम कधीच नसावे. फार थंड पाण्याने तान्हे बाळ वीस मिनिटांत गारठू शकते, म्हणून डोके सोडून बाकीचे अंग कोरडे आणि पांघरलेले ठेवावे.

वेळ घड्याळावर मोजावी

घाबरलेल्या माणसाला तीन मिनिटे वीस मिनिटांसारखी वाटतात. म्हणून पाणी सुरू करताच कोणीतरी फोनवर गजर लावावा. मूल शांत झाले, डोळा कमी लाल दिसू लागला किंवा ते विनवणी करू लागले, यांपैकी कोणतीही गोष्ट थांबण्याचे कारण होऊ शकत नाही. माझ्या मते बहुतेक घरी या उपचाराची कमतरता पाण्यात नसून वेळेत असते: मोठ्यांचे मन चौथ्या-पाचव्या मिनिटाला द्रवते आणि हात सैल पडतो. मुलाला त्या वेळी घट्ट धरून ठेवणे निष्ठुरपणाचे वाटले, तरी तेच करावे लागते.

चुना, सिमेंट, मोरी साफ करण्याचे रसायन, अमोनिया किंवा तीव्र आम्ल असेल, तर २० मिनिटांवरही समाधान मानू नये. वैद्यकीय मदत येईपर्यंत ३० मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ पाणी चालू ठेवावे, आणि स्वतःच्या वाहनाने न्यायचे असेल तर वीस मिनिटांनंतर निघून वाटेतही बाटलीने धार सुरू ठेवावी. वाहन चालवणाऱ्याने हे काम करू नये. मागे दुसरे कोणीतरी असले पाहिजे. रुग्णवाहिका आधी पोहोचली तर अर्थातच तिच्यातील कर्मचाऱ्यांच्या हाती सूत्रे द्यावीत.

साधा साबण किंवा मुलांचा शाम्पू डोळ्यात गेला, तर इतका खटाटोप लागत नाही. पाच-दहा मिनिटे धुतल्यावर मूल डोळा नेहमीसारखा उघडत असेल आणि तासा-दोन तासांत लाली गेली असेल, तर काळजीचे कारण नाही. भांडी घासण्याच्या यंत्रातील डिटर्जंट किंवा कपड्यांची कॅप्सूल मात्र या सौम्य गटात धरू नये.

जे टाळायचे आहे

आम्लावर अल्कली किंवा अल्कलीवर आम्ल घालून परिणाम मारण्याची कल्पना शाळेतील रसायनशास्त्रामुळे अनेकांच्या डोक्यात येते. चुना गेला म्हणून व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, टॉयलेट क्लीनर गेले म्हणून खाण्याच्या सोड्याचे पाणी, असे काहीही डोळ्यात घालू नये. त्या अभिक्रियेत उष्णता निर्माण होते, प्रमाण कोणालाच साधत नाही, आणि एका रसायनाच्या जागी दोन होतात. दूध, तेल, मध, झाडपाल्याचा रस, घरात पडून असलेले डोळ्यांचे थेंब किंवा मलम हेही वर्ज्य आहे. मलमाने रसायन डोळ्यात कोंडले जाते आणि डॉक्टरांना तपासणीच्या वेळी नीट दिसत नाही.

डोळा चोळू देऊ नये. डोळ्यावर घट्ट पट्टी बांधू नये, कारण पट्टीखाली उरलेले रसायन आपले काम करत राहते. बोळा, काडी किंवा चिमट्याने आतले कण काढण्याचा प्रयत्न करू नये. बाटली फुटून काच लागल्याची किंवा डोळ्यात काही रुतल्याची शंका असेल, तर पापण्या ओढण्याचा किंवा दाबण्याचा आग्रह धरू नये. अगदी हलक्या धारेने पाणी सोडत तातडीने रुग्णालय गाठावे.

रसायन तोंडातही गेले असेल तर मुलाला ओकारी काढायला लावू नये. फोनवर ही गोष्ट आवर्जून सांगावी, कारण अन्ननलिकेची इजा डोळ्याच्या गडबडीत दुर्लक्षित राहते.

काही वेगळे पदार्थ

सुपरग्लूसारख्या झटपट गोंदाने पापण्या एकमेकींना चिकटल्या, तर त्या ओढून उघडू नयेत. पापण्यांचे केस आणि त्वचा फाटते. कोमट पाण्याने काही मिनिटे धुवावे, ओले स्वच्छ कापड हलकेच ठेवावे आणि मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. गोंद सहसा काही दिवसांत स्वतःच सुटतो, पण कडक झालेला त्याचा कण आतून पारपटलाला घासत असेल, तर ते तपासल्याशिवाय कळत नाही. नखांचा रंग काढण्याचे द्रव येथे वापरण्याचा विचारही करू नये.

हातांच्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलचे प्रमाण बहुधा ६० टक्क्यांहून अधिक असते. २०२० साली ते सार्वजनिक ठिकाणी उभ्या यंत्रांतून मिळू लागले, आणि या यंत्रांची तोटी नेमकी लहान मुलांच्या चेहऱ्याच्या उंचीवर येत असे. त्या वर्षी फ्रान्समधील विष-नियंत्रण केंद्रांकडे नोंदल्या गेलेल्या मुलांच्या अशा घटनांत आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे सातपट वाढ दिसली. जेल घट्ट असल्याने ते साध्या शिंतोड्याहून अधिक काळ चिकटून राहते. ते भरपूर पाण्याने धुवावे आणि डोळा तपासून घ्यावा.

पांढरा चीक असलेल्या काही झाडांचा, विशेषतः युफोर्बिया वर्गातील झाडांचा, चीकही डोळ्यात तीव्र दाह निर्माण करतो. नैसर्गिक वस्तू आहे म्हणून पालक तो सौम्य समजतात. त्यालाही वरचाच उपाय लागू होतो. आग कधी कधी काही तासांनी वाढते, म्हणून धुतल्यावर बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे.

चुना, विशेषतः मऊ पुडीत किंवा नळीत भरलेला, मुलांच्या हातात सर्वांत फसवा. पुडी दाबली की तो थेट चेहऱ्यावर उडतो, ओला आणि चिकट असल्याने वरच्या पापणीच्या आतल्या बाजूस थापला जातो, आणि वरून डोळा धुतल्यानंतरही तेथून तासन्तास झिरपत राहतो. म्हणून चुना गेल्यावर घरी कितीही धुतले असले, तरी पापणी उलटून पाहणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचणे अनिवार्य आहे.

रुग्णालयात

सोबत रसायनाची बाटली न्यावी, किंवा निदान तिच्या लेबलचा फोटो काढावा. अपघाताची वेळ, पाणी सुरू केल्याची वेळ आणि किती मिनिटे धुतले, एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या तर पुढील निर्णय लवकर होतात. नोंदणीच्या रांगेत उभे राहू नये. डोळ्यात रसायन गेले आहे, हे पहिल्याच व्यक्तीला स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण अशा रुग्णाला तत्काळ आत घेणे अपेक्षित असते.

तेथे बधिर करणारा थेंब घालून रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीने डोळ्याचा पीएच पाहतात, आणि सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट या सलाइनसारख्या द्रावाने धुणे पुन्हा सुरू करतात. गंभीर इजेत अनेक लिटर द्रव वापरावा लागतो. पीएच ७ ते ७.५ च्या दरम्यान येईपर्यंत हे चालते, आणि काही मिनिटांनी व अर्ध्या तासाने तो पुन्हा मोजतात, कारण आत दडलेली अल्कली हळूहळू बाहेर येऊन तो परत वाढवू शकते. आपण घरी इतका वेळ धुतले असताना हे पुन्हा कशासाठी, असा प्रश्न पालकांच्या मनात येतो. त्याचे उत्तर हेच आहे. वरची पापणी उलटून कण काढले जातात, फ्लुओरेसीन नावाचा नारिंगी रंग घालून निळ्या प्रकाशात पृष्ठभागावरील जखम पाहिली जाते, आणि डोळ्यातील दाबही मोजला जातो. अगदी लहान मूल जागेपणी तपासू देत नसेल, तर त्याला गुंगीचे औषध द्यावे लागते.

एक गोष्ट पालकांना माहीत असणे फार आवश्यक आहे. डोळ्याची लाली ही इजेच्या गांभीर्याची खात्रीलायक खूण नाही. बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या आणि काळ्या भागाच्या सीमेवर, पारपटल आयुष्यभर नवे ठेवणाऱ्या मूळपेशी असतात. तीव्र अल्कलीने तेथील रक्तवाहिन्या बंद पडल्या, की तो भाग लाल होण्याऐवजी संगमरवरासारखा पांढराफटक दिसतो, आणि संवेदना बोथट झाल्याने मूल फारसे रडतही नाही. डोळा पांढरा आहे आणि मूल शांत आहे, म्हणून घरी थांबलेल्या कुटुंबाच्या हातून नेमका सर्वांत वाईट प्रकार निसटतो. बुबुळ धूसर दिसणे, प्रकाश सहन न होणे, डोळ्यातून सतत पाणी येणे आणि अंधूक दिसणे या खुणाही तितक्याच गंभीर मानाव्यात.

बधिर करणारे थेंब घरी मागू नयेत. त्यांनी तात्पुरता आराम पडतो, पण वारंवार वापरल्यास पारपटलाची जखम भरून येत नाही, आणि संवेदना नसलेला डोळा मूल चोळत राहते. वेदनेसाठी डॉक्टर वयानुसार तोंडी औषध देतात. जोडीला प्रतिजैविक मलम, बाहुली मोठी करणारे थेंब आणि काही वेळा स्टिरॉइड थेंब दिले जातात. यांपैकी स्टिरॉइड सांगितलेल्या दिवसांपलीकडे स्वतःच्या मनाने चालू ठेवणे विशेष धोक्याचे असते.

घरी परतल्यावर

ज्या बाटलीने हा प्रकार घडवला, ती आणि तिच्या जातीच्या बाकी सगळ्या बाटल्या उंच, कुलूप लागणाऱ्या कपाटात जाव्यात. ओट्याखालचे किंवा बेसिनखालचे कपाट त्यासाठी योग्य नाही, कारण रांगणाऱ्या मुलाची उंची तेवढीच असते. पेयाच्या रिकाम्या बाटलीत ब्लीच किंवा आम्ल भरून ठेवण्याची सवय तर पूर्ण सोडून द्यावी. फवाऱ्याचे तोंड वापरानंतर फिरवून बंद करावे.

मोठ्या माणसाच्या डोळ्यातील जखम भरून आली की विषय बरेचदा तेथे संपतो, पण मुलाच्या बाबतीत तसे नसते. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत डोळा आणि मेंदू मिळून पाहायला शिकत असतात. या काळात एका पारपटलावर डाग राहिला किंवा एका डोळ्याला अंधूक दिसत राहिले, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारे चित्र बाजूला टाकू लागतो आणि डोळा आळशी होतो. मग डाग नंतर दूर केला, तरी दृष्टी पूर्णपणे परत येईलच असे नाही. म्हणून जखम भरल्यावरही नेत्रतज्ज्ञांनी दिलेल्या तारखा पाळाव्यात. मधल्या काळात घरी खेळताखेळता मुलाचा एकेक डोळा आळीपाळीने तळहाताने झाकून पाहावा. इजा झालेला डोळा झाकल्यावर मूल बिनतक्रार खेळत असेल, पण चांगला डोळा झाकताच चिडत असेल, हात ढकलत असेल किंवा मान वाकडी करून पाहत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याला दाखवावे.